पार्सलवर काय लिहावं

नव्वदच्या दशकात मी बनारसमध्ये एका बँकेत परदेशी ड्राफ्टच्या काउंटरला बसत होते. त्यामुळे परदेशाशी होणारे सगळे व्यवहार आपल्याला कळतात, असा माझा ठाम समज होता. घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी वेद शिकवत. गुरुजींनी ओळ एकदा म्हणायची, शिष्यांनी दोनदा म्हणायची, गुरुजींनी ऐकून चूक काढायची. सकाळभर हेच. सगळी भिस्त कानावर.

आणि बाबांचे कान जात चालले होते. डॉक्टरांनी तपासून यंत्र लावायला सांगितलं. आमच्याकडे मिळायचं ते खिशात डबी आणि कानापर्यंत वायर असलं. ते लावून बाबा शिकवायला बसले असते, तर दुपारपर्यंत बालाजी घाटापर्यंत बोभाटा झाला असता. बहिऱ्या गुरुजींकडे मुलं कोण पाठवणार? शिकवणं थांबलं की बाबांचं काय होईल, हीच माझी काळजी.

बाबांकडे संस्कृत शिकून गेलेल्या एका परदेशी बाईंनी मला कॅटलॉग पाठवला. त्यात कानात बसणारं, कुणाला न दिसणारं यंत्र होतं. मी साठवलेल्या पैशांतून ड्राफ्ट पाठवला आणि दुकानदाराला मुद्दाम लिहिलं, ‘पार्सलवर कानाच्या यंत्राचा उल्लेख नको.’ आमचा पोस्टमन गल्लीत शिरताना पाकिटावरचं सगळं मोठ्याने वाचत यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझं धोरण.

कस्टमवाल्यांनीही मुठीची किंमत जवळजवळ तेवढीच धरली. दोन महिन्यांनी पोस्टातून कागद आला, आयातशुल्क भरा आणि पार्सल न्या. आकडा बघून माझं डोकं फिरलं. तो यंत्राच्या किमतीच्या जवळपास पोचला होता. मी तडक पोस्टात गेले आणि काउंटरवरच्या कारकुनावर आवाज चढवला. पैसे तर मी भरलेत, हे परत कसले?

तो वयस्क माणूस होता. चष्मा पुसत म्हणाला, “बहनजी, आपने दुकानवाले को पैसा दिया है, सरकार को नहीं.” मग जुन्या फॉर्मच्या पाठीवर त्याने मला आकडे मांडून दाखवले. शुल्क नुसत्या किमतीवर नसतं. किमतीत टपालखर्च आणि विमा मिळवायचा आणि त्या बेरजेवर शुल्क. पुढे आणखी एक कर, तोही शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर. शिवाय पोस्टाची फी वेगळी. रोज परदेशी ड्राफ्ट लिहिणारी मी, यातलं ओ की ठो मला माहीत नव्हतं.

“है क्या इसमें?” त्याने विचारलं. “ऊपर तो सिर्फ़ बिजली का सामान लिखा है.”

मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. कानाच्या यंत्राला सूट मिळते, म्हणाला. पार्सलवर स्पष्ट लिहिलं असतं आणि डॉक्टरांचा दाखला असता, तर एवढं शुल्क लागलंच नसतं. “अभी छुड़ाइए मत. छुड़ा लिया तो फिर कुछ नहीं होगा. पिताजी की अर्ज़ी लाइए, दस्तख़त उन्हीं का.” अर्जावर कस्टमचं उत्तर येईपर्यंत पार्सल राखून ठेवतो, असंही त्याने कबूल केलं. त्याचे आभार न मानता मी निघून आले, याची आजही लाज वाटते.

अर्जात लिहायचं होतं, मला ऐकू येत नाही. हे बाबांपुढे ठेवायचं धाडस मला दोन दिवस झालं नाही. तिसऱ्या दिवशी कागद त्यांच्या हातात दिला आणि ते रागावण्याची वाट बघत उभी राहिले. त्यांनी सावकाश वाचलं. “एवढंच ना? मला वाटलं, पार्सलमध्ये काही निषिद्ध निघालं. दस्तखत कुठे करू?”

डॉक्टरांचा दाखला जोडून मी अर्ज दिला आणि महिन्याभराने शुल्क माफ झालं. पोस्टाची किरकोळ फी भरून मी यंत्र घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ते लावून बसले आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. शिष्यांनी ओळ म्हटली.

“चूक,” बाबा म्हणाले. “पुन्हा.”

त्यांनी तशीच म्हटली. बाबांनी परत थांबवलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांत जुना शिष्य खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, आपण असंच सांगितलंय.”

बाबांनी ओळ स्वतः म्हणून पाहिली. सूर जिथे खाली जायला हवा तिथे तो सपाट राहिला. त्यांनी पुन्हा म्हटली. गेल्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःला ऐकत होते. “केव्हापासून?” त्यांनी विचारलं. शिष्य एकमेकांकडे बघू लागले. गुरुजी म्हणतील तसंच म्हणायचं, हा आमच्याकडचा नियम. गुरूची चूक शिष्य कशी काढणार? आणि मी? मी तर रोज स्वयंपाकघरातून ऐकत होते. लहानपणापासून कानावर पडलेली ओळ बदललीय, हे मला कळत होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प होते. त्या घटकेला मला स्वतःचा फार राग आला.

बाबा रागावले नाहीत. समोर बसलेल्यांना म्हणाले, “उद्यापासून पहिल्या पाठापासून.” मग मला विचारलं, “मधल्या काळात शिकून गेले त्यांचे पत्ते आहेत ना गं?”

होते. कुणी नाशिकला, कुणी ग्वाल्हेरला, दोघं साताऱ्याला. ते आता स्वतः शिकवत होते. बाबा दुपारभर मजकूर सांगत राहिले आणि मी अकरा पोस्टकार्डं लिहिली. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचतं, म्हणून मी पाकिटं आणू का, असं विचारलं. “कशाला?” ते म्हणाले. “लिही. मला ऐकू येत नव्हतं. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. सवडीने या, मी पुन्हा शिकवीन.”