तीन रविवारांचा हिवाळा

रासमी आमचा शेजारी. बोलायचा कमी, वल्हं मारायचा दोघांचं. सतराशे बेचाळीस साली, शेटलंडातल्या आमच्या बेटाच्या किनाऱ्यावर त्याचा धाकटा भाऊ आमच्या डोळ्यांदेखत बुडाला. तेव्हा हा आभाळाकडे बघून म्हणाला, "झोपलास का रे वर? वाटोळं होवो तुझं!" एवढंच. पण देवाला म्हणाला ना!

चर्चच्या वडीलमंडळींनी मला बोलावलं, देवाची शपथ घालून विचारलं. खोटं कसं बोलू? सांगून टाकलं. अजून माझी मलाच चीड येते.

शिक्षा ठरली. तीन रविवार गोणपाट पांघरून सगळ्यांसमोर स्टुलावर बसायचं, आणि ते पुरं होईतो घरच्या लेकराला बाप्तिस्मा नाही. रासमीची बायको ओस्ला तेव्हा पोटुशी. तीन रविवार म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल तुम्हाला. अहो, आमच्या पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, तीन बेटं! आमच्याकडे ते तीन आठवड्यांनी यायचे, तेही समुद्रानं येऊ दिलं तर. ते आले तरच रविवार धरायचा. दोन रविवार पुरे व्हायलाच फेब्रुवारी संपला.

तोवर मुलगा झाला होता. बाप्तिस्म्याआधी आमच्यात नाव उच्चारत नाहीत, म्हणून त्याला सगळे नुसतं बाळ म्हणायचे. मार्चात त्याची छाती भरली. रासमी तसल्या वाऱ्यात होडी घालून पाळकांच्या बेटावर गेला, हातापाया पडला. पाळक काही दुष्ट नव्हते. म्हणाले, नियम माझा नाही रे, एकच रविवार राहिलाय, तेवढा काढ.

वडीलमंडळींतल्या गिडियनला मी रस्त्यात गाठून चांगलं झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, "सिनी, माझ्या हातात काय आहे?" खरंच, कुणाच्याच हातात काही नव्हतं.

ओस्ला मला विचारायची, "मावशी, असाच गेला तर वर त्याला काय म्हणून हाक मारतील?"

गुरुवारी बाळ गेलं. रविवारी रासमी गोणपाट पांघरून बसला. पाळक नुकतेच होडीतून उतरलेले, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी माफी दिली, गोणपाट उतरवायला लावलं आणि मायेनं म्हणाले, "आण आता लेकराला. नाव काय ठेवायचं?"

"परवा पुरलं त्याला," रासमी म्हणाला. "आता कुठलंही चालेल."