टाकून पाहतो

सात अधिक पाच किती, हे मामांना माहीत होतं. तरी कोणी विचारलं, की ते खिशातून फोन काढत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत आणि सर्चच्या पट्टीत एका बोटानं आकडे टाकत. बारा आले की म्हणत, "बरोबर आहे." नागभीडपासून तासाभराच्या रस्त्यावर त्यांचं गाव. तिथं त्यांचं नावच 'टाकून पाहतो' पडलं होतं.

फोन त्यांच्या मुलीनं, प्रणालीनं दिलेला. "आबा, इथी काईबी टाका, उत्तर येते," एवढंच तिनं शिकवलं. मामांनी ते अक्षरशः घेतलं.

नेटवर्क फक्त बोडीच्या, म्हणजे गावाबाहेरच्या तळ्याच्या, पाळीवर यायचं. एका लग्नात त्यांच्याकडे पंगतींचा हिशोब आला: माणसं दोनशे चाळीस, एका पंगतीला चाळीस. मामा पाळीवर गेले. सहाचा आकडा घेऊन परतले तेव्हा सहावी पंगत उठत होती. वाढपी म्हणाला, "या भाऊ, तुमच्यासाठी सातवी मांडतो."

फोनमध्येच कॅल्क्युलेटर आहे, त्याला नेटवर्क लागत नाही, हे मी किमान चार वेळा दाखवलं. "तो एकटाच सांगते गा," मामा म्हणाले. "हा साऱ्या जगाले इचारून सांगते." बकऱ्यांच्या गोठ्यासाठी बारा गुणिले नऊ टाकलं तेव्हा साऱ्या जगानं बारा बाय नऊ फुटांचे गालिचे दाखवले. मामा ते बराच वेळ पाहत बसले. मग मामीला विचारलं, "गालिचा पाहिजे का वो?"

"बकऱ्याईले?" मामी म्हणाली.

इथपर्यंत हसता येत होतं.

प्रणालीला गोंदियाला नर्सिंगच्या प्रवेशासाठी दुपारी दोनच्या आत हजर व्हायचं होतं. गाडी नागभीडला दहा वीसला. मी चंद्रपूरहून त्याच गाडीत येणार, तिच्यासाठी जागा धरणार, असं ठरलं. गाडी नागभीडला थांबली. मी दारात उभा राहिलो. फलाटावर दोघंही नव्हते. फोन लावला.

"येऊन राह्यलो गा, ऑटोत आहो," मामा म्हणाले. "काऊन घाई करून राह्यला? आणखी चाळीस मिनिटं आहेत."

"मामा, गाडी सुटली."

मग मामा म्हणाले, "टाकून पाह्यलं होतं ना."

निघण्याआधी पावणेनऊला पाळीवर जाऊन त्यांनी टाकलं होतं: १०.२० वजा ८.४५. उत्तर आलं १.७५. एक तास पंचाहत्तर मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास, असं त्यांनी वाचलं. प्रत्यक्षात वेळ होता एक तास पस्तीस मिनिटं. तास साठ मिनिटांचा असतो. पट्टीला त्यांनी तो शंभराचा करून विचारला होता. प्रणाली दोनदा म्हणाली, "आबा, निघू ना." दोन्ही वेळा त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

एसटी बदलत बदलत दोघं गोंदियाला पोचले तेव्हा वेळ संपली होती. प्रणालीचं वर्ष गेलं. ती रडली नाही, भांडली नाही. एकदाच म्हणाली, "आबा, घड्याळ टाकाचं नसते. पाहाचं असते."

मामा सुधारतील असं मला वाटलं होतं. सुधारले नाहीत. गोठा, पंगती, सात अधिक पाच, सगळं पट्टीतच. वेळ मात्र त्यांनी पुन्हा कधी टाकली नाही, कोणाला सांगितलीही नाही.

पुढच्या वर्षी प्रणालीला पुन्हा प्रवेश मिळाला. गाडी तीच. या खेपेला धोका नको म्हणून मी आदल्या दिवशीच मामांकडे मुक्कामी गेलो. त्याची काही गरज नव्हती, हे सकाळी कळलं. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा चहावाला अजून स्टोव्ह पेटवत होता. मामा तिच्या पेटीवर बसून राहिले. फोन खिशातच. गाडी आली, ती चढली, गाडी गेली.

सवयीनं मी विचारलं, "किती वाजता पोचेल, मामा?"

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"पोरगी फोन करन ना," मामा म्हणाले. "तेव्हा समजन."

गावाकडची एसटी बाराला होती. मी दोनदा म्हटलं, मामा, निघू ना. मामा बाकावर बसूनच होते, फोन दोन्ही हातांत धरून. बाराची गेली. फोन वाजला तेव्हा दोनचीही गेली होती.