कप जिंकला त्या दिवशी

मुंबईच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू समोरच उभे असतील. त्यांच्याकडे बघत सरळ चालत जा." आई माझ्या साडीच्या निऱ्या नीट करत राहिली. लग्न उरकून हे लगेच इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला परतले होते. व्हिसा मिळाल्यावर आता मी निघाले होते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर समोर उभे होते ते माझे मोठे दीर.

"सॉरी हं, सुधा," ते ओशाळून म्हणाले. "आज इथं लंडनलाच फुटबॉलची कप फायनल आहे. आपल्या कॉव्हेंट्रीचा क्लब पहिल्यांदाच पोचलाय, आणि तुझ्या नवऱ्याला तिकीट मिळालं."

कप कसला, फायनल कसली, मला काही कळेना. एवढंच कळलं, की ज्या माणसासाठी अमरावती सोडली तो याच लंडनमध्ये आहे आणि मॅचला गेलाय.

कॉव्हेंट्रीचे रस्ते ओस होते. खिडक्यांत क्लबच्या रंगाचे आकाशी स्कार्फ. संध्याकाळी एकदम हॉर्न सुरू झाले, लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारू लागले. हे आले ते आवाज पार बसवूनच.

"जिंकलो आपण! एक्स्ट्रा टाइममध्ये!"

त्या 'आपण'मध्ये मी होते की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी कप घेऊन उघडी बस निघाली, ती बघायला मलाही नेलं. गर्दीत माझी चप्पल तुटली.

बाबांनी शेजारच्यांच्या फोनवरून विचारलं, "आले होते ना घ्यायला?" मी हो म्हटलं. बाबा गेले तेव्हा माझी मुलगी मीरा पोटात होती, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. तुम्ही माहेरची माणसं तिकडून विचारता, रमलीस ना गं? इथं आलेल्या आम्ही सगळ्याजणी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

यंदा त्या फायनलची आठवण म्हणून गावात पुन्हा आकाशी झेंडे लागले. मीरा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, ती वीकेंडला आली होती. जेवणानंतर ती फोनवर ह्यांचं बोलणं रेकॉर्ड करत होती. आयुष्यातला बेस्ट दिवस, हे सांगत होते.

"आणि आई कुठे होती त्या दिवशी?" मीरानं विचारलं.

"ती? ती पुढच्या वर्षी आली."

माझ्या हातात ताटं होती. "अहो, त्याच दिवशी आले मी. घ्यायला भाऊजी आले होते."

"अगं, हो की!" हे हसले. "दादा बिचारा! तुझ्यापायी त्याची मॅच बुडाली."

मीरानं रेकॉर्डिंग बंद केलं. "बाबा, तू आईला सॉरी बोल."

"आता? इतक्या वर्षांनी?" ह्यांना खरंच कळत नव्हतं.

किचनमध्ये ती माझ्या मागे आली. "आई, तू परत का नाही गेली?"

"जाऊन सांगायचं काय होतं, मीरा? नवऱ्यानं मॅच बघितली म्हणून आले?"

ती ताटं पुसत राहिली.

पुढे माझी आईही गेली. अमरावतीला गेले की भावजय नवी चादर घालते, चहाला साखर किती विचारते. तिथं मी पाहुणी. आणि इथं, जिथं उभा जन्म काढला, तिथं मी आले कधी, हे घरच्या माणसालाच ठाऊक नाही.