वय आकड्यात टाका

वय विचारणारा, ‘सी’ भाषेतला साधा प्रोग्राम मीच वर्गाला फळ्यावर लिहून दिला होता. शेवटच्या कॉम्प्युटरवरच्या रेश्माने आकड्याऐवजी अक्षरांत ‘वीस’ टाइप केलं आणि ‘चूक. वय आकड्यात टाका’ ही एकच ओळ स्क्रीनवर धो धो वाहू लागली.

“आकडा टाक म्हणून कितीदा सांगायचं गं?” मी खेकसले.

“टाकते की, मॅडम! पण तो थांबतच नाही. पहिलंच उत्तर धरून बसलाय.”

खरं होतं. आत अडकलेलं चुकीचं उत्तर काढून टाकणारी ओळ लिहायला मीच विसरले होते. तरी संताप आला तो त्या यंत्राचाच. नुसतं विचारत सुटायचं, उत्तराला उसंत द्यायची नाही, आणि चूक मात्र समोरच्याची!

राहिलेली ओळ मी फळ्यावर लिहिली. “समजलं ना?” असं विचारलं आणि कोणी तोंड उघडायच्या आत फळा पुसून टाकला.