विलायती गाडीचं दावं

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते या जगात विकत घेण्याजोग्या वस्तू दोनच प्रकारच्या होत्या. एक बैल, आणि दुसऱ्या, ज्या बैल समजून पारखल्या तर माणूस फसत नाही अशा. येरमाळ्याजवळच्या त्यांच्या गावात कुणीही जोडी घ्यायला निघाला की आधी मामांच्या ओट्यावर येऊन बसायचा. पुढं वयोमानानं बाजार सुटले, पण पारख काही सुटली नाही. मामींसाठी शिवणयंत्र घ्यायला ते बार्शीला गेले, तर दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले होते, कारण जनावर सकाळी उठताना बघावं. मग दुकानदाराकडून त्या नाजूक यंत्रावर गोणपाट शिवून घेतलं, कारण जनावर रिकामं चालवून बघू नये. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा या गृहस्थांनी मला चार वेळा अंगणापलीकडच्या रांजणातून पाणी आणायला लावलं. मला वाटलं, म्हातारबांना तहान फार. लग्न झाल्यावर बायकोनं सांगितलं की मामा माझी चाल बघत होते. ‘डाव्या पायात जराशी कसर हाय, पर स्वभावानं गरीब हाय,’ असा निकाल त्यांनी आत जाऊन दिला होता, आणि त्यावरच माझं लग्न ठरलं.

तेव्हा मी नुकताच हैदराबादेहून डॉक्टर होऊन भूमला आलो होतो. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, पण रस्ते तेच होते आणि माझ्याकडं सायकल होती. बाळंतपणात अडलेल्या बाईचं बोलावणं यायचं आणि मी ढेकळांतून पायडल मारत जायचो. दोनदा मी पोचेपर्यंत उशीर झाला. तिसरा उशीर मला सोसणार नव्हता. नवी मोटार मिळायची तर नंबर लावून बसावं लागे. आसपास विकाऊ अशी एकच गाडी होती, आणि ती होती एका खानसाहेबांच्या तबेल्यात. लांब नाकाची, दोनच सीटांची, उघड्या टपाची लाल विलायती गाडी. त्यांच्या जहागिरीच्या दिवसांत ती शर्यतीच्या घोड्यासारखी उधळत गेलेली लोकांनी पाहिली होती. जहागीर गेली, घोडे गेले, गाडी राहिली. खानसाहेब ती विकणार असं सगळे म्हणत, पण चार गिऱ्हाइकं चहा पिऊन तशीच परत आली होती.

मी मामांना विचारायला गेलो, ही माझी चूक की पुण्याई ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आयुष्यात कधी मोटारीत न बसलेल्या त्या माणसानं लगेच बैलगाडी जुंपली, हाकायला गडी घेतला आणि वाटभर मला उपदेश केला.

“जावईबापू, एक ध्यानात ठिवा. आवडलं तरी तोंड कडू ठिवायचं. आन् रंगवलेल्या शिंगाकडं बघायचं न्हाय. खुराकडं बघायचं.”

“मामा, मोटारीला खूर कुठं असतात?”

“असत्यात. बघणाऱ्याला दिसत्यात.”

आम्ही सकाळीच पोचलो. खानसाहेब पांढऱ्या दाढीचे, ताठ कण्याचे, शेरवानीची कोपरं विरलेली, पण बटणं सगळी लावलेली. तबेल्यात शिरताच मी त्या गाडीच्या प्रेमात पडलो आणि तोंड कडू ठेवायचं विसरून गेलो. मामांनी मला कोपरानं ढोसलं. मग आधी गाडीच्या नाकावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. “थंड हाय. मालकानं आधी उठवून ठिवलेली न्हाय. मालक सरळ हाय,” असं माझ्या कानात सांगून ते पिशवीतलं दाभण घेऊन, धोतर सावरून गाडीखाली शिरले. खालून दाभण टोचल्याचे आवाज येऊ लागले. फळ्यांना वाळवी नाही, पत्रा गंजानं खाल्लेला नाही, तेल गळतंय ते वयाच्या मानानं चालण्यासारखं, असे निकाल एकेक करून बाहेर आले. त्यानंतर खानसाहेबांनी पुढं हँडल घातलं आणि दोन फेऱ्यांत गाडी गुरगुरायला लागली. बॅटरीत जेमतेम ठिणगीपुरता जीव, पण ते रोज सकाळी असंच हँडल मारून तिला उठवत, थोडा वेळ आवाज ऐकत आणि बंद करत. गाडी वर्षानुवर्षं जागची हलली नव्हती.

मामांनी सौद्यासाठी खांद्यावरचं उपरणं पसरलं. बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. खानसाहेबांनी हात दिला खरा, पण त्यांचं लक्ष गाडीकडं होतं. उपरणं बराच वेळ हललंच नाही. शेवटी ते म्हणाले, “पाटील, दाम की बात नै. सब कुछ तो गया. ये भी गई तो घर में क्या रहा?”

पाचवं गिऱ्हाईकही चहा पिऊन परत जाणार हे मला दिसायला लागलं. मामांनी मात्र शांतपणे पिशवीत हात घातला आणि अंबाडीचं नवं कोरं दावं बाहेर काढलं.

“खानसाहेब, आमी आमचं दावं संगं आणलंय. तुमचं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. जनावर दुसऱ्याच्या घरी जातं, पर दावं कुणी देत न्हाय. घरची बरकत दाव्यात असती.”

“इसका दावं कहाँ है, पाटील?”

मामांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून पुढचं हँडल ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरलं. “हे काय. रोज हेच धरून उठवता न्हवं तिला?”

खानसाहेबांनी ते हँडल छातीशी धरलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. “चार आदमी आए,” ते म्हणाले, “ऐसा कोई नै बोल्या. दाम तुम बोले सो. ले जाव, पाटील.” आणि त्यांनी एका झटक्यात गाडी बंद केली.

मी इतका हुरळलो होतो की हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी मामांना बाजूला घेतलं. “मामा, आता गाडी सुरू कशी करायची?”

“म्हंजे? दुसरं हँडल न्हाय?”

“नाही.”

मामांनी एकदा खानसाहेबांनी छातीशी धरलेल्या हँडलकडं बघितलं. “दिलेलं दावं माघारी मागायचं नसतं,” ते म्हणाले, आणि नवं दावं गाडीच्या बंपरला बांधून त्यांनी स्वतःची जोडी पुढं जुंपली. अशी ती विलायती गाडी दोन खिल्लारी बैलांच्या मागं तबेल्यातून बाहेर पडली, सुकाणूवर मी, शेजारी मामा आणि पुढं बैल हाकायला गडी. सगळं गाव गोळा झालं. “डाक्टरनं बिनइंजनाची घेतली रं!” असं कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. ओढ्याच्या उतारावर बैल सोडून गड्याच्या हवाली केले. हसणाऱ्यांनीच मागून रेटा दिला. मी क्लच सोडला, गाडीनं दोन आचके खाल्ले आणि मग अशी डरकाळी फोडली की पोरं, कोंबड्या, हसणारे सगळे वाट फुटेल तिकडं पळाले. मागं वळून पाहिलं तर वेशीत खानसाहेब हँडल डोक्यावर उंच धरून उभे होते.

येरमाळ्याच्या चढाला आमच्या पुढं एस.टी. होती. “थांबू नका! चढाला जनावर थांबवायचं नसतं!” मामा फेट्याचं टोक दातांत धरून ओरडत होते, आणि मधेच “हाट्! हाट्!” करून गाडीच्या दाराला थापटत होते. आम्ही एस.टी.ला मागं टाकलं तेव्हा खिडक्यांतून टाळ्या पडल्या. मामांनी जिंकलेल्या पैलवानासारखा हात वर केला आणि लगेच येडाईच्या देवळाकडं वळून नमस्कार केला. घरी मामींनी चाकांवर पाणी घातलं, नाकाला हळदकुंकू लावलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. हँडल नसल्यानं गाडी उतारावर लावली होती, त्यामुळं ओवाळणं होईपर्यंत दोन माणसांना तिला धरून ठेवावं लागलं.

त्याच आठवड्यात लोहारानं नवं हँडल घडवून दिलं, आणि पुढच्याच बोलावण्याला मी वेळेवर पोचलो. आई आणि मुलगी दोघी वाचल्या. हे सांगायला गेलो तर मामा म्हणाले, “म्या म्हणलं न्हवतं? खुरानं चांगली हाय.”

बरीच वर्षं ती गाडी मला घेऊन फिरली. मामा अंथरुणाला खिळल्यावरही तिचा आवाज लांबून ओळखायचे आणि मी आत शिरायच्या आधीच “तिला खोकला झालाय, बघा जरा,” असं सांगायचे. माझ्या हातातल्या औषधाच्या बाटलीकडं मात्र ते बघायचे नाहीत. मामा गेले, पाठोपाठ खानसाहेब गेले. शेवटी माझीही नजर मंदावली आणि पुण्याचा एक शौकीन तरुण गाडी न्यायला आला. चांगला मुलगा होता. त्यानं आधी नाकावर हात ठेवला, मग खाली वाकून बघितलं. मला बरं वाटलं. मी त्याला सगळं दिलं, किल्ली, लोहाराचं हँडल, राखून ठेवलेले सुटे भाग. तो सीटवर बसला तेव्हा मी पुढं गेलो, खाली वाकलो आणि बंपरला त्या दिवसापासून तसंच बांधलेलं अंबाडीचं जुनं दावं सोडायला लागलो. गाठ मामांची होती. सुटायला फार वेळ लागला.

“काका, ते कशाला सोडताय? राहू द्या की,” तो म्हणाला.

“नाही बाबा,” मी म्हणालो, “आमच्याकडं दावं देत नसतात.”