गाभोळीची शेवंड

१४ नोव्हेंबर. उद्या जावई जेवायला येणार, म्हणून बाजारात मिळालेली एकुलती छोटी शेवंड साफ करायला घेतली. उलटी केली, तर शेपटीखाली नारिंगी गाभोळी. अजून जिवंत होती, मिशा हलवत होती.

"वैनी, अंड्यांची शेवंड समुद्रात परत सोडायची असते," शेजारची पारू कोळीण म्हणाली.

"आणि जावयाला काय वाढू?"

"जावई पुन्हा येतील. ही पोरं यायची नाहीत."

कात टाकली की नवं कवच घट्ट होईपर्यंत हिने कपारीत लपायचं, आणि पुन्हा एवढ्याशा अंगाखाली हजारो पोरं सांभाळायची. मी एका मुलीतच दमले. शेवंडीला ओल्या गोणपाटात ठेवलं.

१५ नोव्हेंबर. सकाळी ओहोटीला गुडघाभर पाण्यात जाऊन खडकापाशी सोडली. मग घरी येऊन जावयासाठी वाल सोलले.