पेन्सिलीच्या नोंदी

आमच्या कारखान्यातल्या एचआरच्या ताईंचा कागदावर विश्वास, माणसांवर जेमतेम आणि नव्या एआयवर अजिबात नाही. प्रत्येकाच्या फाइलीच्या कोपऱ्यात त्या पेन्सिलीने बारीक लिहीत: वेल्डरची बायको आजारी आहे, त्याला रात्रपाळी नको. ही सवय त्यांना आधीच्या मोठ्या बाईंनी लावली होती.

एक दिवस साहेब म्हणाले, "सगळ्या फाइली स्कॅनला द्या. एआय वाचेल आणि विचारलं की सांगेल."

"कोणाला सांगेल?"

साहेब नुसते हसले. इथे पाणी मुरतंय, हे ताईंनी ओळखलं. आठवडाभर खोडरबर घेऊन त्यांनी आपण लिहिलेली ओळन् ओळ पुसली, मगच फाइली दिल्या.

साहेबांनी वेल्डरबद्दल विचारलं. एआयकडे काहीच नव्हतं. ताई गालातल्या गालात हसल्या.

"आता तुमच्याबद्दल विचारू," साहेब म्हणाले.

पडद्यावर उमटलं: "यांना नवऱ्याने टाकलं आहे. घरचं कोणी विचारू नये, असं सगळ्यांना बजावलं आहे, अशी नोंद आहे."

नोंद मोठ्या बाईंची होती. स्वतःच्या फाइलीत ताईंनी कधी काही लिहिलंच नव्हतं, मग ती उघडून पुसणार काय?

एकवीस वर्षं कोणी घरचं विचारलं नाही. ताईंना वाटायचं, इथे कोणाला आपली पडलेलीच नाही.